दाखला मोजावा की वाचावा?



वैद्यकीय संशोधकाचे काम जोखायचे कसे, हा आजचा विषय आहे. किती शोधनिबंध छापले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला, या दोन आकड्यांवर आज संशोधकाची नोकरी, बढती, अनुदान आणि मानसन्मान ठरतात. हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांचा आहे, हिंगोलीशी त्याचा काय संबंध, असे कुणाला वाटेल. संबंध अगदी जवळचा आहे. २०२४ मध्ये या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या अध्यापकांना पुढच्या पदासाठी शोधनिबंधांची अट पूर्ण करावी लागेल. वसमतला हळदीच्या संशोधनाचे केंद्र उभे राहत आहे आणि औंढा नागनाथच्या परिसरात लायगोची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. शिवाय येथील संत नामदेव मार्केट यार्डात जी हळकुंडे लिलावाला येतात, त्यांच्यातील कुरकुमिनचे प्रमाण आज औषधे आणि पूरक आहार बनवणारे खरेदीदार विचारतात. कुरकुमिनची ही ख्याती घडवली ती शोधनिबंधांनी. त्यामुळे शोधनिबंधाची किंमत कशी ठरते, हा प्रश्न हिंगोलीच्या शेतापर्यंत पोहोचलेला आहे.

एका निबंधाने दुसऱ्या निबंधाचा आधार म्हणून केलेल्या उल्लेखाला सायटेशन म्हणतात. मराठीत त्यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे: दाखला. या शब्दाला दोन अर्थ आहेत. बोलता-लिहिताना आपण एखाद्या गोष्टीचा दाखला देतो, तेव्हा आपल्या म्हणण्यामागचा पुरावा समोर ठेवतो. ऐकणाऱ्याने तो तपासावा अशी अपेक्षा असते. तहसील कचेरीतून आपण उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला काढतो, तेव्हा मात्र तो शिक्का मारलेला कागद असतो. तो अर्जाला जोडला की काम संपते, पुढे कुणी त्याची चिकित्सा करत बसत नाही. शास्त्रातला दाखला जन्माने पहिल्या जातीचा आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्याला आपण दुसऱ्या जातीचा करून टाकले. तो वाचायचा होता, आपण तो मोजू लागलो. वैद्यकात या बदलाची किंमत रुग्ण मोजतो. म्हणून माझे प्रतिपादन असे आहे की दाखल्यांची बेरीज संशोधकाच्या कामाचा पत्ता शोधायला उपयोगी पडते, त्या कामाचा निवाडा करायला पडत नाही. निवाडा काम वाचूनच करावा लागतो.

खरा दाखला कसा असतो हे पाहायला या जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. नरसीच्या नामदेव महाराजांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. मराठवाड्यातून निघालेली वाणी पंजाबात पोहोचली, दुसऱ्या लिपीत लिहिली गेली, दुसऱ्या पंथाच्या पूजास्थानी बसली. तरी ती नामदेवांची आहे ही नोंद कुणी पुसली नाही. हे वचन कुणाचे, ते नेमके काय म्हणते आणि ते आपण कशासाठी जवळ केले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जिथे सापडतात, तो प्रामाणिक दाखला. शास्त्रीय निबंधाच्या शेवटी दिलेली संदर्भांची यादी याच वृत्तीतून आली. मी ज्यांच्या खांद्यावर उभा आहे त्यांची नावे सांगतो आणि माझे म्हणणे तपासण्याची वाट मोकळी ठेवतो, अशी ती कबुली आहे. ती ऋणाची कबुली आहे. घेणेकऱ्याच्या संपत्तीची मोजदाद म्हणून ती कधी लिहिली गेली नव्हती.

या कबुल्यांची पद्धतशीर सूची करण्याची कल्पना युजीन गारफील्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडली. त्याच्यापुढे नमुना होता वकिलांच्या एका सूचीचा. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड नावाने चालत आलेल्या त्या सूचीत प्रत्येक न्यायनिवाड्यापुढे त्याचा उल्लेख करणारे नंतरचे निवाडे नोंदलेले असत, म्हणजे तो अजून ग्राह्य आहे की पुढे फिरवला गेला, हे वकिलाला कळे. शास्त्रातही असेच व्हावे, हा गारफील्डचा आग्रह होता. जुन्या निबंधावर नंतर कोणी टीका केली, त्यातली चूक कोणी दाखवली, हे समजले तर खोटी, अपुरी वा कालबाह्य माहिती डोळे झाकून पुढे नेली जाणार नाही, असे त्याने त्या लेखात स्पष्टच मांडले होते. १९६४ मध्ये ही सूची छापून नियमित निघू लागली. अफाट वाङ्मयातून वाट काढण्याचे ते साधन होते आणि त्याचा घोषित हेतू सावधगिरीचा होता. पण सूची हाती आली की बेरीज करणे सोपे असते. नियतकालिकाला 'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे त्यातील निबंधांच्या सरासरी उल्लेखांचा आकडा, लागला. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला: ज्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेखले गेले, त्याचा निर्देशांक वीस. एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचा एक आकडा, आणि तो कुणालाही काही न वाचता काढता येणारा. त्याची लोकप्रियता याच सोयीत होती.

सोयीची ही मोजपट्टी नेमके काय मोजते ते पाहू. एच-निर्देशांक निबंधांच्या संख्येपेक्षा कधीच मोठा होऊ शकत नाही. कुणी आयुष्यात दोनच निबंध लिहिले आणि दोन्हींनी उपचारांची दिशा बदलली, तरी त्याचा निर्देशांक दोनच राहणार. उल्लेख स्तुतीचा आहे की खंडनाचा, हा भेद बेरजेत उरत नाही. ज्या विषयात शेकडो प्रयोगशाळा काम करतात तिथे उल्लेखांचा पाऊस पडतो. ज्या रोगाचे रुग्ण गरीब आणि विखुरलेले असतात, त्यावर लिहिणारेच थोडे, तर उल्लेख करणारे कुठून येणार? क्षेत्राक्षेत्रांतले रिवाजही वेगळे आहेत. लायगोने गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध २०१६ मध्ये जाहीर केला, त्या निबंधावर हजाराहून अधिक लेखकांची नावे आहेत आणि ती वर्णानुक्रमे आहेत. वैद्यकात मात्र पहिले नाव आणि शेवटचे नाव यांना मोल असते. मग एकच फूटपट्टी औंढ्याच्या वेधशाळेला आणि हिंगोलीच्या रुग्णालयाला लावली तर दोघांवरही अन्याय होईल. पण हे दोष तांत्रिक म्हणून बाजूला ठेवता येतील. त्याहून मूलभूत प्रश्न आहे तो मोठ्या आणि लहान बेरजांचा प्रत्यक्षात काय अर्थ निघतो हा. त्याचे उत्तर हळदीच्याच दोन कथांत मिळते.

पहिली कथा पेटंटची. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले. भारतातल्या कुठल्याही घरात चालत आलेला उपचार तिकडे नवा शोध ठरला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. 'आमच्या आजीला हे ठाऊक होते' हे वाक्य कितीही खरे असले तरी पेटंट कार्यालयात चालत नाही. तिथे लिखित, छापील दाखला लागतो. परिषदेने संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथांसह बत्तीस दाखले सादर केले. त्यातला एक होता इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापलेला निबंध. १९९७ मध्ये पेटंटचे सगळे दावे नामंजूर झाले. ज्यांनी हे कागद लिहिले, त्यांना पुढे हा खटला उभा राहील याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांच्या कामाची किंमत कुठल्याही निर्देशांकाने आधी सांगितली नसती. ती कुणीतरी शोधून, वाचून, योग्य जागी मांडली तेव्हा प्रकट झाली. वाचलेल्या दाखल्याची ताकद ही अशी असते: संख्येने बत्तीस, आणि परिणाम एका देशाच्या हक्काएवढा.

दुसरी कथा त्याच हळदीतल्या पिवळ्या द्रव्याची, कुरकुमिनची आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये कुरकुमिनच्या दाहशामक गुणावर निबंध लिहिला होता. पण या विषयाला जागतिक पूर आला तो १९९५ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉ. भरत अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्याने, पेशीत दाह पेटवणारा एनएफ-कप्पा-बी हा घटक कुरकुमिन दाबते, असे मांडले. डॉ. अगरवाल त्याआधी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या प्रथिनावरील कामासाठी नावाजले गेले होते. पुढची वीस वर्षे त्यांच्या गटातून निबंधांचा ओघ वाहत राहिला, त्यांचे हजारो उल्लेख झाले आणि जगातील सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्या संशोधकांच्या यादीत त्यांचे नाव गेले. मग आकृत्यांमधील पुनरावृत्ती आणि आकडेवारीची विश्वासार्हता यांवर प्रश्न उठले. २०१६ मध्ये एकाच नियतकालिकाने त्यांचे सात निबंध एकदम मागे घेतले आणि पुढे मागे घेतलेल्या निबंधांची संख्या पंचविसाच्या पलीकडे गेली. त्यांच्या गटाचे सगळेच काम बाद झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कुरकुमिन शरीरात नीट शोषले जात नाही, ही अडचण मांडणारा २००७ चा बहुचर्चित आढावा त्यांच्याच गटाचा होता. कुणाच्या हेतूचा निवाडा करणे हे या व्याख्यानाचे काम नाही. प्रश्न मोजपट्टीचा आहे. ज्या वर्षांत बेरीज सर्वांत मोठी होती, त्याच वर्षांत पायातले दगड सैल होते आणि बेरजेने त्याची चाहूलही दिली नाही.

असे का घडू शकते, याचे कारण कुरकुमिनच्या रसायनातच आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. २०१७ मध्ये कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये या सगळ्या वाङ्मयाचा आढावा घेतला. कुरकुमिन पाण्यात लवकर विघटित होते, रक्तात फार थोडे पोहोचते, पण परीक्षानळीत मात्र ते अनेक प्रथिनांना चिकटते आणि स्वतः चमकून प्रकाशावर आधारलेल्या चाचण्यांत ढवळाढवळ करते. त्यामुळे कोणत्याही रोगाच्या प्राथमिक चाचणीत घातले की 'परिणाम दिसला' असे उत्तर येण्याची शक्यता मोठी. परिणाम दिसला की निबंध होतो. निबंधात आधीच्या निबंधांचे दाखले येतात. दाखले वाढले की विषय महत्त्वाचा ठरतो. महत्त्वाचा ठरला की आणखी प्रयोगशाळा त्यात उतरतात. त्या आढाव्याच्या लेखकांनी माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्यांचा उल्लेख केला. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही गोळी कुठली ते ठाऊक नाही अशा, बनावट गोळीशी तुलना केलेल्या काटेकोर चाचण्यांत कुरकुमिन एकदाही यशस्वी ठरलेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. यावरून हळद निरुपयोगी आहे असे कुणी म्हणू नये. हळदीत कुरकुमिन शंभरात तीन-चार भागच असते; स्वयंपाकातली, जखमेवरची, लग्नातली हळद आणि गोळीतले शुद्ध द्रव्य या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हळदीची कसून, प्रामाणिक तपासणी अजून व्हायला हवी. हळद पिकवणाऱ्या जिल्ह्याला तर ती सर्वांत आधी हवी. फुगलेल्या दाव्यावर उभी राहिलेली मागणी दावा फुटला की कोसळते, आणि तेव्हा नुकसान निबंधाच्या लेखकापेक्षा हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात आणणाऱ्याचे अधिक होते.

दाखला न वाचता दिला की काय होते, याचे याहून दारुण उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापले गेले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची नोंद फक्त चार जणांची सापडली, एवढेच त्यात होते. रुग्ण रुग्णालयात होते, औषध थोड्या काळासाठी होते, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात अवाक्षर नव्हते. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राच्या दाखल्यांची छाननी प्रसिद्ध झाली. एकूण ६०८ उल्लेख सापडले. त्यातल्या ७२ टक्क्यांनी हे पत्र 'व्यसन क्वचितच लागते' याचा पुरावा म्हणून पुढे केले होते, आणि ८१ टक्क्यांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. दरम्यानच्या काळात अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने लाखो माणसे गेली. त्या संकटाची कारणे अनेक आहेत, हे एक पत्र त्यातले एकच. पण सहाशे दाखल्यांच्या वजनाखाली पाच वाक्ये वाचायची राहून गेली, ही वस्तुस्थिती आहे. निर्देशांकाच्या दृष्टीने मात्र ते पत्र अत्यंत प्रभावी होते. प्रभाव होताच, तो घातक होता, आणि आकडा त्यातला फरक सांगू शकत नव्हता.

आता या मोठ्या आकड्यांसमोर मराठवाड्यातल्याच एका संशोधकाचे काम ठेवू. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती, आणि पुस्तकांत त्याचा समाधानकारक उलगडा नव्हता. त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या: घाम कधी सुटतो, हातपाय कधी गार पडतात, रक्तदाब कसा चढतो, फुप्फुसात पाणी केव्हा भरते. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने ही प्राथमिक लक्षणे छापली. विषामुळे शरीरातल्या मज्जातंतूंचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते, हे जाणून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला त्यावरचा निबंध १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. प्राझोसिनपूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस जात असत. नंतर ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. याहूनही मला मोलाचे वाटते ते त्यांचे २०११ चे काम. आपल्याच उपचारात काही भर घालता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी सत्तर रुग्णांची चाचणी केली: पस्तीस जणांना फक्त प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात आठ होते, दुसऱ्या गटात बत्तीस. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ती चाचणी छापली. ज्या औषधाने नाव मिळवून दिले ते एकटे पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतःच्या हाताने सिद्ध केले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू चावतो तो अनवाणी शेतमजुराला, गवत कापणाऱ्या बाईला, अंगणात खेळणाऱ्या मुलाला. या विषयावर लिहिणाऱ्यांची जगात गर्दी नाही. म्हणून अशा कामाची दाखल्यांची बेरीज कुरकुमिनच्या बेरजेशी कधी स्पर्धा करू शकणार नाही. बेरीज ज्याला खाली ठेवते, त्या कामाने माणसे वाचली.

यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप गंभीर आहे, आणि तो साध्या माणसांच्या बाजूचा आहे. आकडे नसतील तर वशिला येईल. ज्याला गॉडफादर नाही, ज्याचे आडनाव ओळखीचे नाही, जो लहान गावातून आला, त्याला निदान 'माझे इतके निबंध आहेत' एवढे तरी म्हणता येते. तेही काढून घेतले तर निवड समितीच्या मर्जीवर सगळे सोडावे लागेल. ही भीती खरी आहे. पण आकड्यांनी वशिला संपला का, हे पाहावे. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीची छाननी मांडली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या आणि अन्यत्र सूचीबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असे त्यांना आढळले. निबंधांची संख्या सक्तीची झाली, म्हणून पैसे घेऊन निबंध छापणारी दुकाने निघाली. ज्याच्या खिशात पैसे त्याचे निबंध जास्त. आयोगाने मग 'केअर' नावाची नवी यादी केली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. यातून निघणारा धडा सरळ आहे. मर्जीला आळा घालायचा तर निर्णयाची कारणे लेखी आणि उघड हवीत. समितीने उमेदवाराचे निबंध वाचले, त्यात काय सापडले हे चार ओळींत लिहून सही केली, आणि ते कागद उमेदवाराला पाहता आले, तर खेड्यातून आलेल्या मुलाला आकड्यापेक्षा भक्कम संरक्षण मिळते. आकड्याशी भांडता येत नाही. लिहिलेल्या कारणाशी भांडता येते.

दुसरा आक्षेप वेळेचा. शेकडो अर्ज येतात, सगळे कोण वाचणार? सगळे वाचायला कुणी सांगत नाही. प्रत्येक उमेदवाराने आपले उत्तम पाच निबंध द्यावेत, त्यात आपला वाटा कोणता आणि त्यामुळे कुणाचे काय बदलले हे एका पानात सांगावे, आणि समितीने तेवढेच वाचावे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी जाहीरनामा काढून हेच मागितले: नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाला जोखू नका, कामाचा आशय पाहा. पाच निबंध वाचायला वेळ नाही म्हणणाऱ्या समितीने तीस वर्षे टिकणारी नेमणूक करू नये. तिसरा आक्षेप असा की दाखल्यांची संख्या अगदीच निरर्थक नाही. खूप वापरले गेलेले काम बहुधा काहीतरी असतेच, आणि वर्षानुवर्षे ज्याकडे कुणी वळून पाहिले नाही, त्याबद्दल शंका घेणे रास्त आहे. हे मला मान्य आहे. म्हणूनच मी बेरजेला पत्ता म्हणतो. पत्त्यावरून घर सापडते. घरात राहणारा माणूस कसा आहे, हे दार वाजवल्यावर कळते.

चौथा आक्षेप मराठवाड्यात हमखास ऐकू येईल: बावस्कर हा अपवाद आहे, अपवादावरून नियम करू नये. पण महाराष्ट्रातच दुसरे उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत, खेड्यातल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत हा उपक्रम राबवला, ४७ गावांशी तुलना केली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो निबंध छापला. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरपोच नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर घेतला. हिंगोलीच्या वाडी-तांड्यावर बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन घेणारी आशाताई त्या निबंधाचा जिवंत दाखला आहे. या निबंधाचे जगभर उल्लेखही पुष्कळ झाले. ते वाचून, तपासून, दुसऱ्या देशांत पुन्हा करून पाहून झाले, हे त्यांचे मोल. बिरवाडी आणि गडचिरोली यांत समान काय आहे? मोठी प्रयोगशाळा दोन्हीकडे नव्हती. दोन्हीकडे प्रश्न दारातला होता, नोंद काटेकोर होती, तुलना प्रामाणिक होती आणि उत्तर परत त्याच दारात पोहोचले. अपवाद दिसतात ते आपण अशी कामे करायला लोकांना सवड आणि मान देत नाही म्हणून.

परंपरा एक प्रसंग सांगते. संतांच्या मेळ्यात कुंभार संत गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून पाहिले, कुठले मडके पक्के आणि कुठले कच्चे. नामदेवांचे नाव तेव्हा सर्वतोमुखी होते, आणि कच्चे ठरले ते नामदेवच. ख्यातीची बेरीज करून हे कळले नसते. हात लावून, आवाज ऐकून कळले. नामदेवांनी तो निवाडा मानला आणि विसोबा खेचरांना गुरू करण्यासाठी ते औंढ्याला, या आपल्या जिल्ह्यात आले. विद्वानाने आपले काम तपासायला पुढे करावे आणि कच्चे निघाले तर पुन्हा भाजायला बसावे, याहून मोठा आदर्श मी संशोधकासमोर ठेवू शकत नाही.

हिंगोलीच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. निबंध लिहाच. पण विषय शोधायला फार लांब जाऊ नका. उन्हाळ्यात हळद काढणाऱ्या, शिजवणाऱ्या मजुरांच्या त्वचेचे आणि श्वासाचे काय होते, पावसाळ्यात साप-विंचू चावलेला माणूस उपचारापर्यंत किती तासांनी पोहोचतो, कळमनुरी आणि सेनगावच्या गावांतली बाळे कोणत्या आठवड्यात आणि कशाने दगावतात, या प्रश्नांच्या नीट ठेवलेल्या नोंदवह्या कुठल्याही निर्देशांकापेक्षा जास्त टिकतील. आणि दाखला देण्याआधी मूळ निबंध उघडा, शेवटपर्यंत वाचा, तो मागे घेतलेला नाही ना ते पाहा. ज्यांच्या हाती निवड आहे, त्यांनीही उमेदवाराची यादी बाजूला ठेवून त्याचे काम हातात घ्यावे. न वाचलेला दाखला देऊ नये आणि न वाचता तो स्वीकारू नये. एवढा नियम एका महाविद्यालयाने पाळला, तर त्याची नोंद कुठल्या सूचीत होईल न होईल, पण इथल्या रुग्णाला तो नक्की कळेल.